डिसेंबर घोड्याला कळत नाही

प्रिय मुली,

टेक्सासला जाऊन वेस्टर्न घोड्यांचं काम शिकायचं तू ठरवलं आहेस. घरच्यांची समजूत कशी घालायची ते तू बघ, मी कामाचं तेवढं लिहितो.

आपल्याकडे या धंद्याला चाबुकस्वार हा जुना शब्द आहे. तिथे तो ट्रेनर, आणि ट्रेनर होण्याआधी काही वर्षं तू लोपर असशील. फोर्ट वर्थच्या पश्चिमेला वेदरफर्डच्या आसपास कटिंगचे, म्हणजे घोड्यावरून कळपातलं एक जनावर वेगळं काढून अडवण्याच्या खेळाचे, तबेले दाट आहेत. तिथे लोपरने पहाटे अंधारात घोडे गरम करायचे, म्हणजे लोप या संथ दौडीत गोल गोल फिरवत त्यांची जादाची ऊर्जा उतरवायची. हे हलकं काम समजू नकोस. कमी फिरवलेला घोडा रिंगणात उसळतो. जास्त फिरवलेल्याचे पाय जड पडतात आणि तो जनावराच्या मागे राहतो. प्रत्येकाची मात्रा वेगळी असते. कान, श्वास आणि पाठीचा ताठरपणा पाहून ती कळायला लागली, की ट्रेनर तुझ्याकडे चांगले घोडे सोपवेल.

खोगीर चढवताना आधी पुढचा तंग, मग मागचा. उतरवताना उलट, आधी मागचा सोडायचा. पुढचा सुटून मागचा तसाच राहिला आणि खोगीर पोटाखाली फिरलं, तर घोडा ते लाथाडत तबेला डोक्यावर घेतो. मागचा तंग पोटाला जेमतेम टेकलेला असावा आणि मधल्या पट्टीने पुढच्याला जोडलेला असावा. ती पट्टी नसली तर तंग कुशीकडे सरकतो आणि गरीब घोडाही उड्या मारतो. पुढचा तंग एकदम आवळू नकोस. थोडा आवळ, चार पावलं चालव, पुन्हा आवळ.

आता मुख्य गोष्ट. हा सगळा धंदा तीन वर्षांच्या घोड्याभोवती फिरतो. फ्युच्युरिटी म्हणजे कोवळ्या घोड्यांची मोठी स्पर्धा. रेनिंगची, म्हणजे ठरलेल्या क्रमाने धाव, थांबा आणि गिरक्या करून दाखवण्याच्या खेळाची, फ्युच्युरिटी ओक्लाहोमा सिटीत आणि कटिंगची फोर्ट वर्थला, दोन्ही नोव्हेंबर-डिसेंबरच्या सुमारास, दोन्ही फक्त तीन वर्षांच्या घोड्यांसाठी. बक्षिसाचा मोठा पैसा तिथे असतो, म्हणून शिंगरू दोन वर्षांचं झालं की त्यावर खोगीर चढतं. त्यात वय मोजतात १ जानेवारीपासून. जानेवारीत जन्मलेलं आणि मे महिन्यात जन्मलेलं, कागदावर दोघं एका वयाची. प्रत्यक्षात मे वालं चार महिने लहान असतं, आणि त्या वयात चार महिने फार असतात. गुडघ्यावरची वाढीची जागा साधारण दोन-अडीच वर्षांपर्यंत बंद होत असते, पाठीच्या कण्याची तर त्यानंतर बरीच वर्षं. डिसेंबर काही घोड्याला कळत नाही. तो कळतो मालकाला, बँकेला आणि ट्रेनरला.

ही घाई सर्वांत आधी थांब्यात दिसते. रेनिंगचा सरकता थांबा बघायला नेत्रदीपक असतो आणि बिघडायला सगळ्यात सोपा. चांगल्या थांब्यात पुठ्ठा खाली बसतो, मागचे पाय जमिनीत धरून सरकतात आणि पुढचे चालत राहतात. क्रम असा ठेव: आधी मांड खाली, मग तोंडाने ‘वो’, आणि हात सर्वांत शेवटी. हात आधी आला तर घोडा जबडा आवळतो, पुढच्या पायांवर ताठ होतो आणि तू खोगिरात आपटतेस. तिथे बहुतेक जण आणखी जोरात ओढतात, त्याने थांबा आणखी बिघडतो. त्यापेक्षा धाव सुधार. वेग एकसारखा चढत जावा आणि थांब्याच्या क्षणी सर्वाधिक असावा. सरळपणासाठी कुंपणापर्यंत धावव आणि कुंपणालाच त्याला थांबवू दे. रोज दहा जोरदार थांबे घेऊ नकोस. एक चांगला मिळाला की लगाम सैल सोड, दम घेऊ दे आणि तो दिवस तिथेच संपव. घोडा शिकतो ते ओढण्यातून नाही, सोडण्याच्या क्षणातून. तू अर्धा सेकंद उशिरा सोडलंस तर तो भलतंच शिकतो.

मागच्या पायांना सरकायचे रुंद, चपटे नाल लागतात. पण घोडा थांबायला शिकण्याआधी एकदम रुंद नाल ठोकले, तर पाय फाकतात, तो घाबरतो आणि पुढच्या वेळी मधूनच उडी मारून बाहेर पडतो. म्हणून सुरुवातीला अरुंद. जमीनही बघ. माती खोल असेल तर पाय अडकतात आणि मागच्या गुडघ्यांना झटका बसतो.

स्पिनमध्ये, म्हणजे जागच्या जागी घेतलेल्या गिरकीत, आतला मागचा पाय टेकू असतो आणि बाहेरचा पुढचा पाय आतल्याच्या पुढून ओलांडतो. घोडा मागे सरकू लागला की तोच पाय मागून जातो आणि पायावर पाय आपटतो. तेव्हा वेग विसर, लहान वर्तुळात पुढे चालव आणि त्या चालीतूनच पुन्हा वळणात ने. रेनिंगचे गुण ७० पासून सुरू होतात, प्रत्येक करामतीला उणे दीड ते अधिक दीड. स्पिन फेरीच्या आठव्या भागापर्यंत जास्त झाली तर अर्धा गुण जातो, पाव फेरीपर्यंत एक, त्यापुढे सरळ शून्य. म्हणून मोजणं शीक. गर्दीसमोर चार फेऱ्या मोजताना भलेभले चुकतात.

कटिंगला अडीच मिनिटं मिळतात. कळपातून जनावर वेगळं काढायचं, हात मानेवर खाली ठेवायचा आणि घोड्याला त्याचं काम करू द्यायचं. जनावर निसटून कळपात परतलं तर पाच गुण जातात. ते थांबण्याआधी किंवा पाठ फिरवण्याआधी तू त्याला सोडलंस तर तीन. नवख्यांचे गुण बहुधा या तिनात जातात, भीतीपोटी.

सारंगखेड्याच्या बाजारात तू रेवाल चालीचे, मान उंच धरणारे घोडे पाहिले असशील. ती नजर टेक्सासात चालणार नाही. क्वार्टर हॉर्स ही तिकडची या खेळांची जात. तिची मान खांद्याच्या रेषेत आणि लगाम सैल, हेच तिकडचं सौंदर्य.

घोडा हाती घेताना जनुकीय तपासणीचा कागद माग. कटिंगच्या काही वंशांत हर्डा नावाचा विकार आहे: त्वचेचे थर एकमेकांना नीट धरत नाहीत, आणि दुसऱ्या वर्षी खोगीर पडू लागलं की पाठीची कातडी फाटते, जखमा भरत नाहीत. तो प्रकट व्हायला आई-बाप दोघंही वाहक लागतात. अशा शिंगराला कोणताही ट्रेनर ‘कणखर’ करू शकत नाही.

पैशाचं एक लक्षात ठेव. दुसऱ्याचा घोडा पैसे घेऊन शिकवलास की नॉन प्रो, म्हणजे धंदा न करणाऱ्यांच्या, वर्गाचं दार बंद होतं, मग रक्कम कितीही लहान असो. हौशी म्हणून काही वर्षं स्पर्धेत उतरायचं असेल तर पहिला चेक घेण्याआधी विचार कर.

ट्रेनर झालीस की दर महिन्याला मालकांना फोन करावा लागेल. ऑगस्टमध्ये कधीतरी म्हणावं लागेल, ‘हा डिसेंबरला तयार होणार नाही, याला चार वर्षांचा होऊ द्या, मग मोठ्या घोड्यांच्या डर्बी स्पर्धेत उतरवू.’ काही मालक त्याच आठवड्यात ट्रेलर आणून घोडा घेऊन जातील. जाऊ देत. त्याची तब्येत आणि कुठपर्यंत शिकलाय, हे एका कागदावर लिहून दे म्हणजे पुढच्या ट्रेनरला उपयोग होईल.

निघण्याआधी धनुर्वाताचं इंजेक्शन घे, आणि टाच असलेले बूट तिकडेच विकत घे.

तुझा,
काका