वडील जाऊन पाच महिने झाले. आई नागपुरात एकटी, बाबांच्या वस्तूंना हात लावू देत नाही. मी पुण्यात ऑफिसात हसतो आणि मग अपराधी वाटतं. काय करू?

तू मुलाच्या बाजूने विचारलंस, मी तुझ्या आईच्या बाजूची आहे. नवरा गेला, मुलगा हैदराबादला, मी इथे नागपुरातच, त्रिमूर्तीनगरात. तू माझ्या मुलाच्याच वयाचा असशील, म्हणून अरेतुरे करते, चालवून घे.

आधी तुझ्या हसण्याचं. नेटवर शोकाचे पाच टप्पे वाचले असशील, नकारापासून स्वीकारापर्यंत. आपण कुठल्या टप्प्यावर आहोत हे मोजत बसू नकोस. एलिझाबेथ क्युब्लर-रॉस या डॉक्टरबाईंनी १९६९ मध्ये ते मांडले ते स्वतः मरणाला टेकलेल्या रुग्णांशी बोलून. मागे राहिलेल्यांना ते नंतर लावले गेले. मला जास्त पटलं ते स्ट्रोब आणि शुट या नेदरलँड्समधल्या संशोधकांचं १९९९ सालचं म्हणणं. माणूस सकाळी रडतो, दुपारी लाइट बिल भरतो, रात्री पुन्हा रडतो. ही ये-जा म्हणजेच सावरणं. तू सध्या बिलाच्या बाजूला जास्त आहेस, आई रडण्याच्या. दोघांचंही बरोबर आहे.

तिच्याकडे काय चाललं असेल ते सांगते. तेरवीपर्यंत घर भरलेलं असतं. दहाव्याला रामटेकला अंबाळा तलावावर जा, पाहुण्यांच्या गाद्या बघा, पाण्याच्या कॅन मागवा. रडायला उसंत नसते, आणि ते बरंच असतं. मग सगळे आपापल्या गावी जातात आणि गेलेला माणूस खरा जातो तो तिथून पुढे, ज्या ज्या कामाला तो लागायचा त्या त्या कामाच्या वेळी.

माझ्या बाबतीत तो कूलर होता. मार्च सरता सरता तो गच्चीवरच्या खोलीतून खाली आणायचा, वाळ्याच्या नव्या ताट्या लावायच्या, पंप बादलीत बुडवून चालतो का बघायचं, हे सगळं यांचं काम. त्या उन्हाळ्यात पारा बेचाळीसवर गेला तरी मी पंख्याखाली पडून राहिले. शेजारच्या वहिनी लावून देऊ म्हणाल्या, मी नको म्हटलं. मुलगा तिकडून एसी पाठवायला निघाला, त्यालाही थांबवलं. शेवटी एक दिवस ताट्या आणल्या. पंप लावला तर नुसती गुरगुर, आत मागच्या वर्षीचा क्षार साचलेला. जुन्या टूथब्रशने तो घासत बसले असताना बाजूच्या ओल्या ताट्यांचा वास आला आणि जी रडले ती विचारू नकोस. रडून झाल्यावर कूलर लावला. झोप मस्त लागली, खोटं कशाला सांगू.

म्हणून म्हणते, बाबांचा चष्मा टीव्हीशेजारी असेल तर असू दे. तेरवीला कपडे द्यायचे ते दिले असतील, उरलेलं ती काढेल तेव्हा काढेल. नातेवाईक म्हणतील, आईला पुण्याला घेऊन जा. तिने स्वतः म्हटल्याशिवाय पहिल्या वर्षात तिला घरातून हलवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. नवरा तर गेलाच, वर गल्ली, भाजीवाली, समोरच्या काकू हेही एका झटक्यात कशाला घालवायचं?

कागदपत्रांचं थोडं. मी बँकेत होते, काउंटरवर हे रोज बघितलंय. मुलं म्हणतात, "आई, तू फक्त इथे सही कर." तसं करू नकोस. खातं, नॉमिनीचा क्लेम, बाबांना पेन्शन असेल तर फॅमिली पेन्शन, जे असेल त्यात तिला बरोबर ने, तिचे प्रश्न तिला विचारू दे. मनपाच्या झोन ऑफिसातून मृत्यूच्या दाखल्याच्या प्रती जास्तीच्या घेऊन ठेव. आणि फॅमिली पेन्शन असेल तर नोव्हेंबरातला हयातीचा दाखला आता तिला द्यावा लागेल. जड जाईल तिला ते, पण जाऊ दे.

रोज फोनवर "जेवलीस का" विचारत असशील. सगळे तेच विचारतात. यांचं नाव मात्र कोणी काढायचं नाही, का तर मला त्रास होईल. अरे, त्रास नाव न काढल्याचा होतो! "बाबा तर्री-पोहे कुठून आणायचे गं?" असं काहीतरी विचार. रडली तर रडू दे, फोन ठेवू नकोस. अक्षय्य तृतीयेला त्यांच्या नावाने घागर भरेल, त्या दिवशी सुट्टी काढून ये. ते व्हिडिओ कॉलवर होत नाही.

आता काळजी कधी करायची ते. लांबलेला शोक हा आजार म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीत आहे, पण त्याला किमान सहा महिन्यांची अट आहे. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या २०२२ च्या यादीत तर मोठ्या माणसांसाठी वर्षाची. तेव्हा पाच महिन्यांनी वस्तू जपते म्हणून तिला आजारी ठरवू नकोस. मात्र खाणं सुटलं, बीपीच्या गोळ्या बंद केल्या, दार उघडेनाशी झाली, किंवा "मलाच कशाला मागे ठेवलं" असं घोळवू लागली, तर महिने मोजू नकोस. मेडिकलमध्ये, म्हणजे नागपूरच्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात, मानसोपचाराची ओपीडी आहे. १४४१६ हा टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा सरकारी नंबर आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. "मी काय वेडी झाली का?" म्हणून ती लावणार नाही. आधी तू लाव, तिच्याबद्दल विचार. आणि लावलाच आहेस तर स्वतःचंही सांग.