शंभर वर्षांनंतरच्या नुकसानीची आजची किंमत

प्रिय,

सस्नेह आशीर्वाद. तुझा निबंध दोनदा वाचला. हवामानबदलाला भांडवलशाही जबाबदार आहे, असे त्यात तू वारंवार म्हटले आहेस. पण ती नेमकी कोणत्या वाटेने जबाबदार ठरते, हे एकदाही दाखवलेले नाहीस. सोव्हिएत संघात खासगी नफा जवळजवळ नव्हताच, तरी कोळसा आणि तेल तिथेही अफाट जळाले, या आक्षेपाला केवळ लोभाकडे बोट दाखवून उत्तर देता येणार नाही.

माझे मत असे की तू वटावाच्या दरापासून, म्हणजे भविष्यातील रकमेची किंमत आज दरवर्षी किती टक्क्यांनी कमी धरायची त्या दरापासून, सुरुवात करावीस. चक्रवाढ व्याज उलट्या दिशेने मोजले की भविष्यातील नुकसानीची आजची किंमत निघते. वर्षाला 5 टक्के दर धरला, तर 100 वर्षांनंतरची 100 एककांची हानी आज एका एककाहूनही कमी भरते; 1.4 टक्के धरला, तर तीच सुमारे 25 होते. ब्रिटिश सरकारसाठी 2006 मध्ये अहवाल लिहिताना अर्थशास्त्रज्ञ निकोलस स्टर्न यांनी साधारण हा दुसरा दर वापरला आणि कार्बन उत्सर्जनात तातडीने मोठी कपात करावी, असे सुचवले. पुढे 2018 मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळालेल्या विल्यम नॉर्डहॉस यांनी बाजारातील परताव्याच्या जवळचा दर धरून कपात हळूहळू वाढवावी, असे मांडले. विज्ञानाविषयी दोघांत फारसा वाद नव्हता. मतभेदाचे मुख्य कारण हा दर होता.

नॉर्डहॉस यांची बाजू टाळू नकोस. पैसा अन्यत्र गुंतवून अधिक परतावा मिळत असेल, तर पुढची पिढी त्यातून भरपाई करून घेईल, हा युक्तिवाद पोकळ नाही. मला तो पटत नाही, कारण परतावा ज्याच्या हाती पडतो आणि ज्याची जमीन समुद्राखाली जाते, ती माणसे वेगळी असतात, आणि वितळलेला हिमस्तर कोणत्याही रकमेला परत विकत घेता येत नाही.

हाच काळाचा हिशेब पुन्हा आडवा येतो, आणि ही बाजू तुझ्या निबंधात अजिबात नाही. सौर आणि पवन प्रकल्पांचा जवळजवळ सगळा खर्च उभारणीच्या वेळीच होतो, तर नैसर्गिक वायूवर चालणाऱ्या वीजकेंद्राचा बराचसा खर्च इंधनापोटी वर्षानुवर्षे विखुरलेला असतो. म्हणून व्याज चढले की स्वच्छ वीजच अधिक महाग होते, आणि गरीब देशांना तर कर्ज मुळातच चढ्या दराने मिळते. सौर पॅनेलच्या किमती इतक्या कोसळूनही तिथे गुंतवणूक कमी का जाते, हे तुला इथून समजावता येईल.

पुढच्या मसुद्यात ‘भांडवलशाही’ हा शब्द जिथे जिथे येईल, तिथे कोणाचे भांडवल, किती वर्षांसाठी आणि कोणत्या दराने, हे लिहून पाठव.

तुझा हितचिंतक