वाचकांचे प्रश्न: कुकरमधला केक, परातीवरचं नाव आणि पुरात गेलेले कागद

ह्या महिन्यात बेकिंगची आणि "आमचं मूळ गाव कुठलं" अशी दोनच विषयांवरची पत्रं जास्त आली. सगळ्यांना उत्तर देणं जागेअभावी जमणार नाही, पण पाच पत्रं घेतलीयेत.

प्रश्न: ताई, माझ्याकडे ओव्हन नाही, कुकरमध्ये केक करते, कणकेचा, बिनअंड्याचा, दही घालून. आत मस्त फुगतो आणि बाहेर काढला की मधेच खाली बसतो, आतून चिकट. दोनदा असंच झालं. सोडा वाढवू का? (धायरी)

सोडा वाढवू नका, उलट कमी करून बघा. सोड्याला दह्यातला आंबटपणा मिळाला की गॅस तयार होतो आणि केक फुगतो, पण दही जेवढं आंबट तेवढाच सोडा कामाला लागतो, उरलेला तसाच राहतो आणि साबणासारखी चव येते. शिवाय गॅस जास्त झाला की पीठ शिजून धरायच्या आधीच बुडबुडे फुटतात आणि केक बसतो. दीड वाटी कणकेला एक वाटी दही, अर्धा छोटा चमचा सोडा आणि एक छोटा चमचा बेकिंग पावडर एवढं पुरतं. दही अगदी ताजं गोड नको, एक दिवसाचं घ्या. कणकेत कोंडा असतो, तो पाणी ओढून घेतो, म्हणून मिश्रण घट्ट वाटलं तर दोन-तीन चमचे दूध घाला. पण पीठ घातल्यावर फेटत बसू नका, हलक्या हाताने मिसळा आणि लगेच कुकरमध्ये ठेवा. सगळं कालवून मग भांड्याला तूप लावत बसलं, फोन आला, तेवढ्यात निम्मा गॅस निघून गेलेला असतो.

कुकरची रिंग आणि शिट्टी काढून, तळाला मीठ पसरून, वर जाळी ठेवून आधी दहा मिनिटं तापवायचा, मग गॅस बारीक. पहिली पंचवीस मिनिटं झाकण उघडायचं नाही म्हणजे नाही. मला वाटतं तुमच्याकडे आच मोठी राहतेय, वरून लवकर रंग येतोय आणि आतलं कच्चं राहतंय. विणायची सुई मधोमध घालून बघा, कोरडी निघाली तरच काढा.

प्रश्न: ताई, सासूबाई ८१ वर्षांच्या आहेत, पाच महिन्यांपूर्वी गावचं घर बंद करून आमच्याकडे राहायला आल्या. मुलीला शाळेतून वंशावळीचा प्रोजेक्ट आलाय. विचारलं की म्हणतात "मला काय ठाऊक, ह्यांना सगळं माहीत होतं." मोबाइल रेकॉर्डिंगला लावला की गप्पच बसतात. त्यांची नानकटाई फार सुंदर होते, तीही शिकायचीय, पण माप विचारलं की "अंदाजाने घाल." मी नोकरी करते, हाताशी शनिवार-रविवारच असतो. काय करू? (सिंहगड रोड)

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. दोन्ही कामं एकाच रविवारी, एकाच ओट्यावर होतील असं मला अगदी मनापासून वाटतं.

आधी तो फोन बाजूला ठेवा. समोर बसवून विचारलं की म्हाताऱ्या माणसाला परीक्षा द्यायला बसवल्यासारखं होतं, त्यात वंशावळ म्हटली की त्यांना वाटतं सासरच्या पुरुषांची नावं क्रमाने सांगायचीयेत, आणि ती खरंच त्यांच्या यजमानांनाच पाठ असणार. त्यांना जे माहितीये ते वेगळंय आणि ते हाताला काम असलं की निघतं. लसूण सोलायला द्या, मेथी निवडायला द्या, तुम्ही शेजारी बसून तेच काम करा. पूर्वी बायका बोलायच्या त्या जात्यावर. पुण्यातल्याच हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी गावोगावच्या बायकांकडून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, त्यात भावाचं कौतुक, माहेरची वाट, आईची आठवण, सासरचा जाच, सगळं आहे आणि ते सगळं दळता दळता म्हटलेलं. समोर वही घेऊन कुणी बसलं असतं तर त्यातलं निम्मं तरी निघालं असतं का?

आता नानकटाई. माप विचारू नका, माप धरा. त्या मुठीने मैदा घेतील तेव्हा म्हणा, "आई, आधी ह्या वाटीत घाला, मग मी परातीत ओतते." तूप काढतील तो डबा आधी वजनकाट्यावर ठेवून आकडा लिहा, नंतर परत ठेवा, फरक आला तेवढं तूप. दोनदा असं केलं की त्यांचा अंदाज तुमच्या वहीत आला. तोवर माझं प्रमाण देते: एक वाटी मैदा, अर्धी वाटी बेसन, दोन चमचे बारीक रवा, पाऊण वाटीला जरा कमी पिठीसाखर, साधारण तेवढंच तूप, चिमूटभर सोडा, वेलची. तूप गोठलेलं हवं, पातळ नको, साखरेबरोबर हाताने पांढरं हलकं होईपर्यंत फेसायचं, खरी मेहनत तिथेच आहे. पीठ गोळा होण्यापुरतंच मिसळा, मळू नका. गोळे पसरट होत असतील तर पंधरा-वीस मिनिटं फ्रीजमध्ये ठेवून मग ओव्हनला लावा, १६० डिग्रीला अठरा ते वीस मिनिटं. काढताना मऊच लागतात, कच्च्या राहिल्या म्हणून परत आत ढकलू नका, गार झाल्या की खुसखुशीत होतात.

हे करता करता त्यांना भट्टीचं विचारा. पुण्यात काय आणि तालुक्याच्या गावी काय, घरोघरी ओव्हन कुठे होता, मैदा-साखर-तुपाचे डबे घेऊन बेकरीत जायचं, नंबर लावायचा, तिथला माणूस पीठ कालवून पत्र्यावर नानकटाया थापून भट्टीत सारायचा आणि आपण डबा उघडा धरून उभं राहायचं. मी आईबरोबर जायचे, परत येताना डबा एवढा गरम असायचा की ओढणीत धरायला लागायचा. "तुमच्याकडे भट्टीवर कोण जायचं? बरोबर कोण असायचं? पहिला डबा कुणाच्या घरी द्यायचात?" एवढ्यावर त्या बोलायला लागतील बघा, आणि त्यात नणंदा, जावा, शेजारणी, कुठल्या गावची कोण, सगळं येईल.

आता माझ्याच घरातलं सांगते, मागच्या दिवाळीचं. आमच्याकडे आजीची पितळेची परात आहे, जड, एका बाजूला चेपलेली. आत्या आली होती, आम्ही दोघी नानकटाई करत होतो, मैदा परातीच्या काठावर सांडला आणि आत्याने तो अंगठ्याने पुसला. तर काठावर पांढऱ्या टिंबांची एक ओळ राहिली. जुन्या भांड्यांवर नाव टिंबाटिंबांनी कोरायचे ना, ती टिंबं घासून घासून इतकी उथळ झाली होती की नुसत्या डोळ्याला दिसत नव्हती, त्यात पीठ जाऊन बसलं आणि अक्षरं उठली. एका मुलीचं नाव होतं, पुढे "मामांकडून". आम्हाला ते नाव कुणाचं तेच कळेना. आत्या दोन मिनिटं बघत राहिली आणि म्हणाली, "अगं, हे आईचं लग्नाआधीचं नाव." लग्नात तांदळात नवं नाव लिहिलं आणि जुनं त्या दिवशी संपलं. माझ्या बाबांना, म्हणजे तिच्या सख्ख्या मुलाला, वयाच्या सत्तराव्या वर्षापर्यंत ते माहीत नव्हतं. मग मामांचं गाव निघालं, ते कसे बैलगाडीतून भांडी घेऊन आले होते ते निघालं, आम्ही बोलत राहिलो आणि एक पत्रा थोडा जास्तच लाल झाला. ते नाव आता आमच्या घरच्या वंशावळीत आहे.

म्हणून सासूबाईंनी गावाहून आणलेली भांडी असतील तर तीच पुढ्यात घ्या. आणि मुलीला सांगा, तक्त्यात प्रत्येक बाईपुढे दोन रकाने जास्तीचे आखायचे, लग्नाआधीचं नाव आणि माहेरचं गाव. शाळेने आखून दिलेल्या तक्त्यात ते बहुतेक नसणार. सुरुवात आजीपासून करा, तिचं स्वतःचं नाव तिला कुणी किती वर्षांत विचारलं नसेल.

प्रश्न: पावसाळ्यात घरची बिस्किटं दोन दिवसांत सादळतात. (वारजे)

पूर्ण गार झाल्याशिवाय डब्यात भरू नका, कोमट भरली की वाफ आतच धरते. सादळलेली १५० डिग्रीला पाच-सात मिनिटं ठेवा, गार होऊ द्या, परत कुरकुरीत होतात. मोठा एकच डबा सारखा उघडण्यापेक्षा छोटे दोन भरा.

प्रश्न: मी निवृत्त आहे. पत्नीचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं, घरातली कामं आता मी करतो आणि मला ती आवडायला लागली आहेत. माळ्यावरून पितळेची भांडी काढली, काळी ठिक्कर पडलीत. पत्नी म्हणते त्यावर नावं आहेत, जोरात घासू नका. कशी स्वच्छ करू? (कर्वेनगर)

काका, काकूंचं बरोबर आहे. आधी नावं उतरवून घ्या, मग घासा. कोरड्या भांड्यावर तांदळाची पिठी किंवा मैदा चोळायचा आणि कोरड्या फडक्याने वरवर पुसायचा, टिंबांत पीठ राहतं (वर आमच्या परातीचं लिहिलंय तसंच). खोली अंधारी करून बॅटरीचा उजेड आडवा टाकलात तरी अक्षरं दिसतात. मोबाइलवर फोटो काढा, किंवा पातळ कागद ठेवून त्यावर पेन्सिल आडवी फिरवा, ठसा उमटतो.

मग चिंच कोमट पाण्यात भिजवून तिचा कोळ, त्यात थोडं मीठ, बोटांनी नाहीतर मऊ फडक्याने लावायचा. लिंबाची साल किंवा आमसुलाचं पाणीही चालतं. काथ्या नको आणि तारेची घासणी तर मुळीच नको, पितळ मऊ असतं, नावं त्यानेच झिजतात. आंबट लावून ठेवून देऊ नका, दोन-चार मिनिटांत धुवा आणि लगेच कोरडं पुसा, ओलं राहिलं की दुसऱ्या दिवशी डाग. आतून कल्हई असेल तर आत चिंच-मीठ घासायचं नाही, साध्या साबणाने धुवा. आणि ज्यात आमटी-ताक असं आंबट ठेवणार असाल त्याला कल्हई करून घेतल्याशिवाय वापरू नका. कसब्यातल्या तांबट आळीत चौकशी केलीत तर कल्हईवाल्याचा पत्ता मिळेल.

काकूंना शेजारी खुर्चीत बसवा, एकेक भांडं हातात द्या आणि कुणी दिलं, कुठल्या कार्यात दिलं ते लिहून घ्या. माझ्या माहितीतल्या बऱ्याच घरांत हे फक्त बाईला माहीत असतं.

प्रश्न: आमचं घर नारायण पेठेत नदीजवळ होतं. पानशेतच्या पुरात सगळं गेलं, पत्रिका, फोटो, जमिनीचे कागद. आजोबा गेले, वडिलांना फक्त गावाचं नाव माहितीये. आता पन्नाशीला आल्यावर मला शोधावंसं वाटतंय. कुठून सुरू करू? (सहकारनगर)

१२ जुलै १९६१. त्या दिवशी सकाळी पानशेतचं धरण फुटलं, मागोमाग खडकवासल्याचं, आणि दुपारपर्यंत नदीकाठच्या पेठांत पाणी शिरलं. कपाटातले कागद वाचवायची ती वेळच नव्हती, लोक अंगावरच्या कपड्यांनिशी निघाले. पुण्यात तुमच्यासारखी किती घरं आहेत ज्यांचा इतिहास त्या तारखेच्या अलीकडे सुरू होतो, त्यामुळे ह्याचं वाईट वाटून घेऊ नका. घरातले कागद गेले, पण गावात आणि सरकारदरबारी तुमच्या घराचे कागद वेगळे ठेवलेले असतात.

गावाचं नाव माहितीये म्हणजे अर्धं काम झालंय. गावच्या जुन्या शाळेत जा, जनरल रजिस्टर कायम जपून ठेवायचं असतं, त्यात आजोबांचं पूर्ण नाव, जन्मतारीख, जन्मगाव मिळू शकतं. मग जमीन. नुसता आत्ताचा सातबारा बघून परत येऊ नका, त्यावर जे फेरफार नंबर (जमीन एकाच्या नावावरून दुसऱ्याच्या नावावर गेल्याच्या नोंदींचे) असतात त्यांचे उतारे मागा आणि एकेक करून मागे जा. माणूस गेला की वारसांची नोंद होते आणि तिथे बरेचदा विधवा पत्नी, मुली, मुलं सगळ्यांची नावं सापडतात, म्हणजे जी नावं घरच्या वंशावळीत गळतात ती तलाठ्याने लिहून ठेवलेली असतात. सरकारच्या "आपले अभिलेख" वर बऱ्याच जिल्ह्यांचे जुने उतारे स्कॅन केलेले आहेत, आधी घरबसल्या तिथे बघा. तहसीलला जुनं जन्म-मृत्यूचं रजिस्टर असतं, गाव नमुना १४, लोक कोतवाल बुक म्हणतात ते.

जुनं जे निघेल ते मोडी लिपीत असेल, घाबरू नका. सदाशिव पेठेत भारत इतिहास संशोधक मंडळ आहे, इतिहासाचार्य वि. का. राजवाड्यांनी १९१० साली स्थापन केलेलं, तिथे मोडीचे वर्ग होतात. शिकायला वेळ नसेल तर वाचून देणारी माणसं तिथे चौकशी केल्यावर कळतील. आणि कागद हातात आले की प्रेमापोटी लॅमिनेशन करू नका, चिकटपट्टी लावू नका, दोन्ही पुढे काढता येत नाहीत आणि कागद खराब होतो. खिडकीच्या उजेडात, फ्लॅश न लावता फोटो काढा आणि मूळ कागद कोरड्या जागी सपाट ठेवा.

एक जागा राहिली, त्र्यंबकेश्वर आणि नाशिकचे तीर्थोपाध्याय. त्यांच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आलेल्या यजमानांच्या नोंदवह्या असतात, आडनाव आणि मूळ गाव सांगितलं की तुमचं घराणं कुणाच्या वहीत आहे ते ते सांगतात. पणजोबा कधी क्षेत्राला गेले असतील तर तिथे त्यांचं आणि बरोबर आलेल्यांचं नाव सापडायची शक्यता बरीच आहे. वडिलांना झेपत असेल तर बरोबर न्या. ते वही पुढे करतील तेव्हा तुमची नोंदही करा, आणि लिहिताना तुमच्या आईचं, बायकोचं माहेरचं नाव-गाव आठवणीने सांगा, विचारलं नाही तरी.