पराटी पेटवायची की विकायची?

प्रश्न : ताई, माझी पोरगी यवतमाळले कॉलेजात आहे. सुट्टीत आली अन् म्हणे आई, चक्रीय अर्थव्यवस्था म्हणजे काही फेकायचंच नाही, फिरून फिरून वापरायचं. मी बचत गटात सांगितलं तर बाया म्हणाल्या, जुनं वापरण्यातच जिंदगी गेली, आता दोन पैसे आले तर पुन्हा तेच कायले? अन् पराटी, म्हणजे कापूस वेचून झाल्यावर उरलेली कपाशीची झाडं, तर गावात दरवर्षी पेटवतातच. कसं समजावू? (एक वाचक, ता. घाटंजी)

उत्तर : काकू, त्या बायांचं मला अजिबात चूक वाटत नाही. फाटक्या लुगड्याची गोधडी त्यांनी हौसेनं नाही शिवली, घरात दुसरं पांघरूण नव्हतं म्हणून शिवली. त्यांना जुनं वापरा म्हटलं की तेच दिवस आठवणार ना, म्हणून सुरुवात तिथून नकाच करू.

एक बघा, ठिबकच्या फाटक्या नळ्या गावात कुठं पडलेल्या दिसतात का? भंगारवाला किलोवर नेतो म्हणून लोक गुंडाळून जपून ठेवतात, अन् चिप्सची पाकिटं मात्र नालीत, कारण त्यांचा आतला चांदीसारखा थर प्लास्टिकपासून सहजी सुटत नाही, मग भंगारात त्याला भाव कोण देणार. माणसं तीच आहेत. म्हणून लोकांना समज नाही हे मला पटतच नाही.

पराटीचंही तेच. उपटायला मजूर, वाहायला ट्रॅक्टर, त्यापेक्षा काडी लावणं सोपं. धुऱ्यावर गंजी लावली तर उरलेल्या बोंडांत गुलाबी बोंडअळी दडून बसते अन् पुढच्या हंगामात पुन्हा कपाशीवर येते, म्हणून कृषी विभाग पराटी ठेवू नका सांगतो ते बरोबरच आहे, पण ठेवू नका म्हणजे पेटवा असं नाही. एकरी टनभर काडी निघते हो! श्रेडरनं बारीक केली तर वावरातच कुजून खत होतं, नाहीतर तिचा पांढरा कोळसा, म्हणजे ब्रिकेट, बॉयलरला चालतो. सिरकॉट या सरकारी संस्थेनं तर पराटीपासून पार्टिकल बोर्ड, म्हणजे भुसा दाबून केलेली फळी, बनवायचं तंत्रही बसवलंय.

तेव्हा गटात भाषण नको, हिशेब मांडा. जवळच्या ब्रिकेटवाल्याला भाव विचारा, मजुरी अन् ट्रॅक्टरचं भाडं वजा करा, वहीत पोरीलाच लिहू द्या. काही उरत नसेल तर विकू नका, चार-पाच जणींनी मिळून श्रेडर भाड्यानं आणा अन् आधी एकीच्याच वावरात फिरवा, शेजारचे धुऱ्यावर उभे राहून बघतीलच. फक्त शेवटची वेचणी झाली की सगळ्यांना एकदमच मशीन लागते, म्हणून नंबर दिवाळीतच लावून ठेवा.