शाळेच्या पाण्यातलं शिसं: पहिलं पाणी ओतून देऊ नका

मुलीच्या शाळेच्या पाण्यात शिसं असेल का, असं विचारून तुम्ही इथे टाकलेला शाळेच्या पाण्याचा अहवाल वाचला. ‘पिण्यास योग्य’ असा शिक्का आहे खरा, पण तपासलंय काय? कोलिफॉर्म, ई. कोलाय आणि शिल्लक क्लोरीन. म्हणजे जंतूंपुरता हिशेब. शिशाची ओळच नाही त्यात. आणि पालकसभेत आरओवाल्याने मीटर बुडवून ‘बघा, टीडीएस (विरघळलेले एकूण क्षार) इतका’ म्हणून जी जादू दाखवली, तिचा तर शिशाशी काडीचा संबंध नाही. पिण्याच्या पाण्याच्या आपल्या आयएस १०५०० मानकात शिशाची मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम, म्हणजे १० मायक्रोग्रॅम आहे. ‘दुसरा स्रोत नसेल तर जरा जास्त चालेल’ ही सूट काही घटकांना मिळते, शिशाला नाही. त्या मीटरवरचा सगळ्यात लहान आकडा १, म्हणजे लिटरला १ मिलिग्रॅम, मर्यादेच्या शंभरपट. मीटरला शिसं दिसायचं कसं?

मी बावीस वर्षं ठाण्याच्या एका पाणी-तपासणी प्रयोगशाळेत काढली, त्यामुळे थोडं सविस्तर लिहिते.

तुम्ही अमेरिकेतल्या फ्लिंट शहराचं उदाहरण दिलंत. तिथे २०१४ मध्ये नदीचं पाणी घेतलं, पण ते पाइप खाऊ नये म्हणून घालायचं रसायन घातलं नाही, आणि जुन्या पाइपांतलं शिसं घरोघरी उतरलं. नदीत शिसं नव्हतं, ते वाटेत मिळालं. आपल्याकडेही वाटेतच शोधायचं. भांडुपच्या शुद्धीकरण केंद्रातून निघालेलं पाणी शाळेच्या खालच्या टाकीत, पंपाने गच्चीवर, तिथून पाइपाने नळाला. त्यातही संशय पहिल्यांदा शेवटच्या दोन-चार फुटांवर घ्या. पितळ नीट कापलं जावं म्हणून त्यात शिसं घालतात, आणि शाळेसाठी डझनावारी घेतलेल्या स्वस्त चकचकीत नळांत किती घातलंय ते देवच जाणे. त्यात मुंबईचं तलावाचं पाणी मऊ. साबणाला फेस छान येतो, पण पाइपात क्षारांचा थर धरत नाही, त्यामुळे धातू उघडाच राहतो. बाकीचे संशयित म्हणजे जुने जीआय (जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी) पाइप, सोल्डर केलेले जोड, पाण्याचा कूलर (अमेरिकेत १९८८ साली खास कायदा करून शिशाच्या अस्तराच्या टाक्यांचे कूलर परत मागवावे लागले होते) आणि जुने पीव्हीसी पाइप. पीव्हीसीत स्टॅबिलायझर म्हणून, म्हणजे ते टिकावं यासाठी, शिसं वापरण्यावर आपल्याकडे नियम आले ते २०२१ मध्ये. त्याआधीचे पाइप भिंतीत आहेत तिथेच आहेत.

आता नमुना. सगळी गंमत इथेच आहे आणि सगळा घोळही इथेच होतो. शिसं साचलेल्या पाण्यात उतरतं. रात्रभर नळात अडकलेलं पहिलं पाणी, तेच हवं. पण आपल्याला लहानपणापासून शिकवलंय की पाणी भरायचं तर आधी थोडं सोडून द्यायचं. जंतूंच्या तपासणीला तर नळाचं तोंड ज्योतीने जाळून, पाणी वाहू देऊनच नमुना घेतात. त्याच सवयीने शिशाचा नमुना घेतला की अहवाल छान येतो आणि सगळे खूश.

गिरगावातल्या एका शाळेत आम्ही सकाळी साडेसहाला पोचलो होतो. मुलांच्या कमरेएवढ्या उंचीवर सहा नळांची ओळ. बाटल्या मांडल्या, खुणा केल्या, आणि वळून बघते तर शिपाईमामा मोठ्या उत्साहाने सहाही नळ सोडून मोरी धुताहेत. ‘मॅडम, तुमच्यासाठी स्वच्छ करून ठेवतो!’ काय बोलणार? चहा पिऊन परत आलो. दुसऱ्या दिवशी नळांना आदल्या रात्रीच कागद बांधून ठेवला. सहापैकी दोन नळांचं पहिलं पाणी मर्यादेच्या वर गेलं. अर्ध्या मिनिटानंतरचं सहाही नळांचं खाली. त्या दोन नळांच्या तोंडाची जाळी काढली तर आत राखाडी, खसखशीएवढे कण. बाकीचे चार नळ जुने होते, हे दोन आदल्याच वर्षी बदललेले. मुख्याध्यापकांचा विश्वास बसेना, नवे नळ म्हणजे चांगले ना!

म्हणून प्रत्येक नळाच्या दोन बाटल्या, २५० मिलिलिटरच्या. पहिली नळ उघडताक्षणी, एक थेंब न सांडता. दुसरी ३० सेकंद वाहू दिल्यावर. पहिलीत जास्त, दुसरीत कमी आलं तर दोषी नळ किंवा त्यामागचा जोड. दोन्हींत जास्त आलं तर मागे सरका, पाइप, गच्चीची टाकी, खालची टाकी, आणि शेवटी पालिकेच्या जोडणीवरचा नमुना. पाणी किमान ८ तास साचलेलं हवं, पण १८ तासांपेक्षा जास्त नको, म्हणून सोमवार टाळा आणि मंगळवार घ्या. तुमच्या शाळेत रात्रशाळा भरते असं लिहिलंय, तर ती किती वाजता सुटते ते विचारून तास मोजा. बाटल्या प्रयोगशाळेकडूनच आणा, त्या विसळू नका. जाळी काढू नका, नळ पुसूही नका, रोज मूल जसं पितं तसंच.

प्रयोगशाळा एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यतेची बघा, आणि ती मान्यता ‘पाण्यातलं शिसं’ या तपासणीसाठी आहे का ते विचारा. धातूचं अगदी सूक्ष्म प्रमाण मोजणारी आयसीपी-एमएस किंवा ग्राफाइट फर्नेस पद्धत हवी. अहवालात नुसतं ‘आढळले नाही’ असेल तर कितीपर्यंतचं आढळू शकतं हे लिहून मागा. ज्या यंत्राला १० मायक्रोग्रॅमच दिसत नाहीत, त्याच्या ‘आढळले नाही’ला काय अर्थ?

काढायचं कसं? उकळून शिसं जात नाही. पाणी आटतं आणि शिसं तेवढंच राहतं. यूव्हीने (अतिनील किरणांनी) जात नाही. आरओने जातं, शिशासाठी प्रमाणित कार्बन ब्लॉकनेही (घट्ट दाबलेल्या कोळशाच्या गाळणीने) जातं. पण गच्चीजवळ आरओ बसवून ते पाणी त्याच जुन्या पाइपांतून त्याच पितळी नळांना आणलं, तर पैसे वाया. उलट क्षार काढलेलं पाणी धातूला जास्त खातं. गाळणी बसवायचीच तर पिण्याच्या नळाच्या अगदी अलीकडे, आणि गाळणीचं काडतूस (कार्ट्रिज) बदलल्याची तारीख भिंतीवर लिहून.

माझं मत विचाराल तर आधी नळ बदला. स्टेनलेस स्टीलचे किंवा पीटीएमटीचे (एक टणक प्लॅस्टिक). आरओपेक्षा कितीतरी स्वस्तात होतं. बदलून पाणी चांगलं वाहू द्या, काही आठवड्यांनी पुन्हा दोन बाटल्या. तोवर शिपाईमामांचा तोच उत्साह कामाला लावा, रोज शाळा भरण्याआधी पिण्याचे नळ सोडायचे आणि ते पाणी बादलीत धरून मोरीला वापरायचं. सोमवारी जास्त वेळ, दिवाळीनंतर आणि जूनमध्ये तर टाकीच रिकामी करून. मे महिनाभर पाइपात बसलेलं पाणी पहिलीच्या पोराने पहिल्या दिवशी पिऊ नये. खिचडी शाळेतच शिजत असेल तर स्वयंपाकघराचा नळही यादीत घ्या, तो हमखास विसरतात.

तुमच्या मुलीच्या रक्तातलं शिसं तपासायचं का, ते बालरोगतज्ज्ञांना विचारा. लहान मुलांचं शरीर पोटात गेलेलं शिसं मोठ्यांच्या चार-पाच पट शोषतं, म्हणून तुमची काळजी अवाजवी नाही. पण सगळा संशय शाळेवर ठेवू नका. भेसळीची सुटी हळद, उखडलेला जुना ऑइलपेंट, कथलात शिसं मिसळून केलेली कल्हई, ही घरातली ठिकाणंही बघा.

अहवाल आला की आकडे इथे टाका, पण एककासकट. मागे एकांनी ‘०.०१२ आलंय, नगण्य आहे’ असं लिहिलं होतं. ते मिलिग्रॅम होते.