फॉर्ममधला तो रकाना

"मॅडम, हे लिहिलंच पाहिजे का?"

दहावीचा निकाल लागला की कोथरूडच्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत प्रवेशाच्या फॉर्ममधल्या आजार-दिव्यांगत्वाच्या रकान्याबद्दल हा प्रश्न कुणी ना कुणी विचारतंच. कधी मुलाला फिट्स येत असतात, कधी एक पाय आखूड असतो, कधी डिप्रेशनची गोळी चालू असते. दोन वर्षांपूर्वी तो विचारला हडपसरहून आलेल्या एका आईने. मुलीला इथे सई म्हणू. नाव बदललंय आणि ओळख पटेल असे तपशीलही. सईच्या दोन्ही कानांना मशीन. दहावीला चांगले मार्क. डिप्लोमा करायचा, तोही मेकॅनिकलचाच.

मशीन दिसू नये म्हणून आईने तिला केस मोकळे सोडायला लावले होते. जूनचा उकाडा. सई मानेला चिकटलेले केस मागे सारायची आणि आई ते पुन्हा पुढे ओढायची. अर्ध्या तासात हे किती वेळा झालं, मोजायला हवं होतं.

"दिव्यांग आहे का, तिथे मी 'नाही' करते. ॲडमिशन झाल्यावर कोण बघतंय? आधी कळलं तर म्हणतील, वर्कशॉपात हिला ऐकू नाही आलं, हात गेला मशीनमध्ये, तर जबाबदार कोण? शाळेने सहलीला नेलं नव्हतं, ते याच कारणासाठी."

सहलीची गोष्ट खरी होती, त्यामुळे 'उगाच घाबरताय' असं मी म्हटलं नाही. त्याऐवजी जे म्हटलं ते जास्त वाईट होतं. मी विचारलं, "कॉम्प्युटर ब्रँच घेतली तर? आवाजाचा प्रश्नच नाही."

सई माझ्या ओठांकडे बघत होती. "पप्पांच्या रिक्षाचं इंजिन आम्ही दोघांनी खोललंय," ती म्हणाली. "कॉम्प्युटर मला बोअर होतं." मग आईकडे वळून, "मॅडमपण तेच म्हणतायत."

वीस वर्षं हे काम करून मी शाळेच्याच रांगेत जाऊन उभी राहिले होते.

मग आईला आधी कागदाची बाजू सांगितली. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा 2016 चा आहे. सरकारमान्य शिक्षणसंस्थेला दिव्यांग म्हणून प्रवेश नाकारता येत नाही आणि विद्यार्थ्याच्या गरजेनुसार वाजवी सोयीही कराव्या लागतात. सरकारी आणि अनुदानित संस्थांत उच्च शिक्षणाच्या किमान 5 टक्के जागा राखीव असतात, पण त्यासाठी प्रमाणपत्रावर किमान 40 टक्के दिव्यांगत्व लागतं. सईच्या प्रमाणपत्रावर 52 होते. एआयसीटीईची, म्हणजे अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची, 'सक्षम' शिष्यवृत्ती अशाच मुलांसाठी आहे: वर्षाला 50,000 रुपये, डिप्लोमालाही मिळते, घरचं उत्पन्न 8 लाखांच्या आत हवं. परीक्षेतला जादा वेळही याच प्रमाणपत्रावर मागता येतो. 'नाही' वर टिक केली की राखीव जागा तर जातेच, बाकीचं मागणंही अवघड होऊन बसतं. आणि मशीन काही तीन वर्षं केसांखाली राहत नाही. वर्कशॉपात पहिल्याच दिवशी केस घट्ट बांधायला लावतात.

या शेवटच्या वाक्यावर आई पहिल्यांदा हसली. सगळे कायदे एका बाजूला आणि ते केस एका बाजूला.

पण भीतीचा मुख्य भाग कागदाने जात नाही. म्हणून कॉलेजांचा पसंतीक्रम द्यायचा ऑप्शन फॉर्म भरायच्या आधी कॉलेज बघून या, म्हटलं. सहसा मी सोबत जात नाही. या वेळी गेले. कॉम्प्युटरचं मनाला लागलं होतं.

ऑफिसबाहेर संस्थेचं ध्येय फ्रेम करून लावलेलं: सर्वांना समान संधी, सुरक्षित परिसर, वगैरे. प्रत्येक आस्थापनेने समान संधी धोरण जाहीर करायला हवं, असं कायद्याचं कलम 21 सांगतं. खिडकीतल्या क्लार्कना विचारलं, हे धोरण बघतं कोण? ते म्हणाले, "प्राचार्य असतील." माझा अनुभव असा, की फ्रेम वाचण्यापेक्षा त्या फ्रेमखाली बसलेल्या माणसाला एक प्रश्न विचारावा.

वर्कशॉपात मात्र वेगळं घडलं. फिटिंग शॉपचे सर पन्नाशीचे, हातात गुण्या. सईने मला बोलूच दिलं नाही. "सर, सायरन वाजला तर मला कळणार कसं?"

सर थांबले. "असं कुणी विचारलं नव्हतं," म्हणाले. मग भिंतीपाशी जाऊन त्यांनी शेडचे दिवे तीनदा बंद-चालू केले. "हे चालेल?"

"चालेल. पण लेथवर माझं तोंड दिव्यांकडे हवं."

मग लेथ कोणता, उभं कुठे राहायचं, यावर दोघांची दहा मिनिटं चर्चा. सर मध्येच पाठ फिरवून बोलले की सई त्यांना वळायला सांगायची. घरी निघताना आईने पर्समधून रबर काढून सईला दिलं. फॉर्मवर 'हो' टिक झाली. आयांनो, तुम्हालाही मी हेच सांगेन: 'हो' लिहा, पण आधी तुमच्या मुलाला स्वतःचा प्रश्न स्वतः विचारायला लावा.

पुढचं सगळं गोड नाही. पहिल्या सत्रात सिनियर मुलांनी तिला 'ब्लूटूथ' नाव पाडलं. आई पोलिसांत निघाली होती. प्रवेशाच्या वेळी पालक आणि मुलं रॅगिंगविरोधी प्रतिज्ञापत्र भरून देतात आणि विसरतात. महाराष्ट्रात तर 1999 पासून रॅगिंगविरोधी कायदाच आहे. कॉलेजच्या रॅगिंगविरोधी समितीकडे लेखी द्यावं की 1800-180-5522 या हेल्पलाइनवर फोन करावा, हे मी सईला ठरवू दिलं. तिने लेखी दिलं, दोन ओळींचं. मुलांना बोलावलं, नाव बंद झालं. समोर तरी.

वर्गात मुली मोजक्याच, हीही आईची काळजी होती. कॉलेजच्या अंतर्गत तक्रार समितीत कोण आहे आणि लैंगिक छळाची तक्रार साधारणपणे तीन महिन्यांच्या आत करायची असते, एवढं सईला लिहून ठेवायला सांगितलं. अजून गरज पडलेली नाही.

गेल्या महिन्यात आईचा फोन आला. तक्रार होती. सईच्या नखांत कायम काळं तेल असतं आणि त्याच हातांनी ती कणीक मळायला बसते. शेडमध्ये लाल दिव्याचा अलार्म बसवायचा अर्ज कॉलेजात पडून आहे. तोवर सर दिवे बंद-चालू करतात, आणि आता म्हणे सगळा वर्गच सायरनपेक्षा दिव्यांकडे बघतो.