अजून काय काय बंद करू?

मुलाला ॲलर्जी आहे म्हटलं की घरच्यांची पहिली कुऱ्हाड ताटावर पडते. कोल्हापुरातल्या कसबा बावड्याच्या एका आईनं खोकल्यानं बेजार झालेल्या सहा वर्षांच्या मुलाचं दूध, दही, केळी, अंडी, शेंगदाणे सगळं थांबवलं होतं. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.) हातात रक्ताचा रिपोर्ट, त्यात बऱ्याच नावांपुढं ‘पॉझिटिव्ह’. “मॅडम, ह्याला आता खायला घालू तरी काय?”

मी मुलापुढं बिस्किटाचा पुडा ठेवला. त्यानं तो उलटा केला, मागची बारीक अक्षरं आईला दाखवली आणि हात मागं घेतला. एवढ्याशा पोरानं खाऊला भ्यावं, हे मला त्याच्या खोकल्याहून जास्त लागलं.

मी डॉक्टर नाही. त्यांना परत बालरोगतज्ज्ञांकडं पाठवलं. पॉझिटिव्ह आलं म्हणजे तो पदार्थ बाधतोच असं नाही, खाल्ल्यावर प्रत्यक्ष काय होतं ते बघायचं, हे त्यांनी समजावलं. माझं काम विचारायचं. दूध पिऊन कधी अंगावर पित्त उठलं? ओठ सुजले? नाही. खोकला कधी? रात्री, पहाटे. आजोळी, राधानगरीकडं? “तिकडं ठणठणीत. मच्छरदाणीत झोपतोय की!”

आणि बावड्यात? दारं-खिडक्या लावून रात्रभर कॉइल, वास जावा म्हणून वर रूम फ्रेशनर, आणि उशाशी प्लायवूडचं नवं कपाट. प्लायवूडचे थर चिकटवणाऱ्या गोंदातून फॉर्मल्डिहाइड नावाचा झोंबणारा वायू महिनोन्‌महिने हवेत येत राहतं. एक कॉइल जळून संपेपर्यंत 75 ते 137 सिगारेटींइतके सूक्ष्म कण सोडते, असं 2003 सालच्या एका अभ्यासात दिसलं होतं. हे दर वेळी ॲलर्जीच असतं असं नाही. मुळात नाजूक असलेली श्वासनलिका धुरानं, वासानं चिडते. त्यात गळीत हंगामात शिवारात उसाचं पाचट पेटवतात. तेवढा वेळ खिडकी लावावी, एरवी उघडी.

कॉइल सोडायला सासूबाई तयार नव्हत्या. “आमची पोरं नाही वाढली?” यावर वाद घालायचा नसतो. मच्छरदाणी आणली, कपाट बाहेरच्या खोलीत गेलं, कॉइल आपोआप सुटली.

दूध, दही, केळी डॉक्टरांना विचारून एकेक करत परत आली. शेंगदाणे आणि अंडी मात्र त्यांनी दवाखान्यातच, स्वतःच्या देखरेखीखाली खाऊ घालून बघायचं ठरवलंय. जानेवारीत ऊसतोड जोरात असताना श्वासातून औषध घ्यायचा पंप (इनहेलर) लागलाच. पंपाची सवय लागते म्हणून आई तो टाळत होती. त्यातलं औषध थेट फुप्फुसात जातं, म्हणून सिरपपेक्षा मात्रा कितीतरी कमी लागते, हे कळल्यावर आता ती स्वतःच स्पेसर, म्हणजे पंपाला लावायची नळी, धरून देते.